माझ्या फळ्यांत अडकलेली खरपुडी

मला कपाटात पाहणारी मुलं कधी मला खिडकीची जाळी समजतात, कधी मोडक्या पाळण्याचा तुकडा. त्यांचा दोष नाही, मी दिसतेच तशी. मित्रांनो, मी एक जुनी सागवानी चौकट आहे. सारख्या मापाच्या दोन जाळीदार फळ्या आणि त्यांना आवळणारे दोन पट्टे मिळून मी होते. वनस्पतिशास्त्र शिकणारे लोक मला प्रेस म्हणतात. रानातून आणलेलं रोप वर्तमानपत्राच्या कागदात पसरायचं, वरखाली टीपकागद ठेवायचे, ती चळत माझ्या दोन फळ्यांमध्ये धरायची आणि पट्टे करकचून ओढायचे. रोज ओले कागद काढून कोरडे घालायचे. आठ-दहा दिवसांत रोप वाळतं, पण त्याचा आकार जसाच्या तसा राहतो. मग ते जाड कागदावर चिकटवतात आणि खाली नाव, गाव, तारीख लिहितात. जपलं तर शंभर वर्षं टिकतं.

दुसऱ्याला कोंडून धरणं हेच माझं काम. माझ्यात आलेलं एकही रोप जिवंत बाहेर गेलं नाही. मात्र एका वर्षी मलाच कोंडलं गेलं, आणि माझ्याबरोबर माझ्या मालकिणीलाही. त्या वर्षाची हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कोरेगावचा. प्रियदर्शनी लोखंडे तेव्हा साताऱ्याच्या कॉलेजात शिकायला लागली होती. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, एस.टी.च्या वर्कशॉपात सुतार होते. प्रेस पुण्याहून मागवावी लागेल असं कॉलेजात सांगितलं होतं. आबा एकदा सुट्टी काढून तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेले, आत ठेवलेली प्रेस त्यांनी डोळ्यांनीच मापली आणि घरी आले. बाद झालेल्या गाडीच्या बाकाचं सागवान रीतसर मागून आणलं. अंगणात बसून तीन रविवार ते माझ्या पट्ट्या तासत होते.

"आबा, कालेजातल्या प्रेसला खिळं हायती," प्रियदर्शनी म्हणाली.

"असू देत. मी खिळ्याबिगर बसवतो," आबा म्हणाले. "खिळा गंजला की तुझ्या पानाला डाग पडंल. मग ते पान कुणाला दाखवशील?"

आणि खरोखरच त्यांनी मला एकाही खिळ्याशिवाय जोडलं. शेजारचे निवृत्त हवालदार शंभूराज यांनी त्यांच्या जुन्या किटबॅगचे दोन पट्टे काढून दिले. पहिल्यांदा ते पट्टे माझ्याभोवती आवळले गेले तेव्हा माझं अंग कुरकुरलं. प्रियदर्शनी हसली आणि तिने मला पाठीवर टाकलं.

पुढची सहा-सात वर्षं मी तिच्या पाठीवरच होते म्हणा ना. पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यात, शिराळ्याच्या डोंगरात, आमच्याच कोरेगावच्या ओढ्याकाठी आम्ही किती हिंडलो! ती चालताना मोजत चालायची. या वळणावर तीन, त्या कड्याखाली अकरा, असं. तिच्या वह्या मोजणीने भरलेल्या असत. कॉलेजच्या प्रदर्शनात तिच्या संग्रहाला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तिच्या बाईंनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं. "अशी प्रेस पुण्यातही मिळायची नाही," असं त्या म्हणाल्या. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आबांनी मान खाली घातली. त्यांना कौतुकाची सवय नव्हती.

कोल्हापुरात पुढचं शिक्षण पुरं झाल्यावर, शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, तिला सांगलीत नोकरी लागली. तिथल्या एका कचेरीकडे मोठ्या बांधकामांआधी जमिनीची पाहणी करायचं काम असे. नोकरी कायमची नव्हती, सहा-सहा महिन्यांच्या कागदावर चालणारी होती. तरी लोखंड्यांच्या घरात कचेरीतल्या खुर्चीवर बसणारं ते पहिलंच माणूस. निघताना आबांनी माझ्या पट्ट्यांना तेल लावून दिलं.

कचेरीचे मुख्य लालासाहेब म्हणून होते. पन्नाशीचे इंजिनिअर, आवाज हळू, चेहऱ्यावर कायम घाई. त्यांच्या हाती एक नवंच काम आलं होतं. आटपाडीच्या बाजूला, जिथे पाऊस रुसूनच असतो, तिथे पिंपळखडी नावाच्या गावाच्या माळावर उन्हापासून वीज करायचा प्रकल्प होणार होता. पंचवीस एकर गायरानावर काचेच्या पाट्या बसणार होत्या. त्या भागात तोवर असं काही कुणी पाहिलं नव्हतं. त्याआधी माळावर काय काय उगवतं त्याची यादी करायची, एवढं प्रियदर्शनीचं काम. मुदत पंधरा दिवस. महिना एप्रिल.

पिंपळखडीचे सरपंच हंबीरराव आम्हाला न्यायला स्टँडवर आले होते. धिप्पाड माणूस, बोलणं मोकळं.

"मॅडम, लौकर उरका," ते म्हणाले. "आमच्याकडं लाईट दिवसाला दोन तास येती. ती बी कवा येईल त्याचा नेम न्हाई. बायका दळणाचं डबं घिऊन गिरणीम्होरं बसून ऱ्हात्यात. सोलर झालं तर गावाचं नशीब उघडंल बगा." मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनला?"

"लोखंडे. कोरेगावचे."

हंबीरराव क्षणभर थांबले. "बरं. गावाभाईरच्या वस्तीतल्या समाजमंदिरात सोय करतो तुमची," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले. प्रियदर्शनीने माझा पट्टा खांद्यावर जरा वर ओढून घेतला.

माळ पाहून माझंही मन खचलं. खडी, मुरूम, वाळलेलं कुसळी गवत, आणि मधे एक खडकाळ टेकाड. पायाखाली सगळं करकरत होतं. चार दिवस ती उन्हात हिंडली. माझ्यात आली ती थोडी गवतं आणि एक काटेरी फांदी. बाकी मी रिकामीच.

पाचव्या दिवशी टेकाडापाशी शेरडं राखणारी एक म्हातारी भेटली. तिचं नाव मनुबाई. तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "काय हुडकतीस गं पोरी?"

"झाडं, मावशी. यादी करायचीय."

"आन् आता? चैतात?" मनुबाई तोंडाला पदर लावून हसली. "झोपलेल्या घरात पाव्हणी आलीस तू."

तिने काठीच्या टोकाने दोन खडकांमधली माती उकरली. वीतभर खाली सुपारीएवढा एक करडा कंद दिसला. "ही खरपुडी. पर ही न्हेमीची न्हवं, ही काळ्या फुलाची. ह्या टेकाडाबिगर कुठं गावत न्हाई. सरावनात उठंल. तवा ये." आणि तिने कंदावर माती परत सारखी केली, जशी झोपलेल्या मुलावर गोधडी ओढावी तशी.

प्रियदर्शनीने ते सगळं वहीत लिहिलं. सांगलीला आल्यावर अहवालाच्या शेवटी तिने एक परिच्छेद घातला. या माळावरची बरीच झाडं उन्हाळ्यात जमिनीखाली असतात, तेव्हा पावसाळ्यात पुन्हा पाहणी केल्याशिवाय काम सुरू करू नये, असं त्यात होतं.

लालासाहेबांनी तो परिच्छेद वाचला आणि त्यावर तिरकी रेघ मारली.

"तुम्हाला दिसलं काय ते लिहा," ते म्हणाले. "म्हातारीने सांगितलेलं नको."

"सर, कंद मी पाहिलाय. दिसत नाही म्हणून नाहीच, असं कसं लिहू?"

"जूनअखेर जमीन ताब्यात घेतली नाही तर मंजुरी जाईल. मग ना वीज, ना झाडं." त्यांनी नवा कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर टाइप केलेलं होतं, 'सदर माळ ओसाड असून उल्लेखनीय वनस्पती आढळली नाही.'

मी टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभी होते. प्रियदर्शनीने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. नोकरीला अजून दोन महिनेही झाले नव्हते. कोरेगावच्या गल्लीत आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, पोरगी सांगलीत हापिसात हाय. शेवटी तिने सही केली. त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं. जेवताना घास हातात धरून ती बसून राही. माझे पट्टे न आवळताच तिला काहीतरी आवळून बसलं होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तिने मला पाठीवर घेतलं आणि कुणाला न सांगता एस.टी. पकडली.

माळाभोवती आता काटेरी तारेचं कुंपण होतं आणि लोखंडी फाटक. फाटकावर सयाजी नावाचा राखणदार. "तुमी कंपनीच्याच न्हवं?" असं विचारून त्याने आम्हाला आत सोडलं.

मित्रांनो, तो तोच माळ होता यावर माझा विश्वास बसेना. पोपटी गवत घोट्यापर्यंत आलेलं, त्यात निळी, पिवळी टिकलीएवढी फुलं. आणि टेकाडावर, खडकांच्या फटीत, बोटभर उंचीची खरपुडी. तिची फुलं छोट्या कंदिलांसारखी होती, आणि रंग पिकलेल्या जांभळाचा. प्रियदर्शनी गुडघ्यांवर बसली. या रंगाची आणि इतक्या अरुंद नळीची खरपुडी तिने फक्त एका जुन्या ग्रंथात पाहिली होती. तिथे एकच चित्र होतं, आणि शेवटची नोंद चाळीस वर्षांपूर्वीची.

तिने एक फूल नखाने अलगद उभं चिरलं. आत एक चिलटाएवढी माशी होती. त्या नळीत खाली वळलेले बारीक केस असतात. माशी आत शिरते पण तिला परत चढता येत नाही. दिवसभर ती आत धडपडते, परागांनी माखते. मग केस कोमेजतात, वाट मोकळी होते, आणि माशी दुसऱ्या फुलाकडे जाते. "कोंडते, पण सोडते," प्रियदर्शनी स्वतःशीच म्हणाली. मला माझी लाज वाटली.

तिने सगळं टेकाड पायांखाली घालून मोजलं. त्रेसष्ट रोपं. टेकाडाबाहेर एकही नाही. आणि टेकाडाच्या मधोमध चुन्याने आखलेली पांढरी रेघ, पाट्यांच्या पायाची.

मग ती एका रोपासमोर बसली आणि उठेचना. नुसत्या फुलावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. पुरावा हवा तर अख्खं रोप हवं, कंदासकट. तीन वेळा तिने खुरपं टेकवलं आणि उचललं. चौथ्यांदा तिने ते रोप काढलं. कंद चिरून त्याच्या दोन फाका केल्या, फुलं नीट पसरली, कागद मिटला आणि माझे पट्टे ओढले. माझ्या फळ्यांवर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं.

परत फाटकाशी आलो तर फाटकाला कुलूप. सयाजी आम्ही आत आहोत हे विसरून बाजाराला निघून गेला होता. तिने हाका मारल्या. वाऱ्याने त्या नेल्या. तार खांद्याएवढी, काटे बोटभर. भर दुपारी ती माझ्यावर बसून राहिली.

तासाभराने तारेपलीकडून मनुबाई शेरडं घेऊन आली. तिने सगळा प्रकार पाहिला आणि तारेला पाठ लावून तिथेच खाली बसली.

"जा की मावशी. उन्हात कशाला बसता?"

"तू एकली हाईस न्हवं," मनुबाई म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा तारेतून आत दिला. "चाळीस वरसं ह्या वाटनं शेरडं न्हेली मी. आता तार घातली. मी भाईर, तू आत. कोण कोंडलंय, कुणाला ठावं."

प्रियदर्शनीने मग तिला ते सांगितलं जे आबांनाही सांगितलं नव्हतं. सहीचं. मनुबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मग काय कराचं ठरवलंस?"

"कळत न्हाई, मावशी." कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून घरची बोली आली.

"कळंल. पर लौकर कळू दे. खडी फोडायचं मशीन पुढच्या महिन्यात येनार हाय म्हनत्यात."

सयाजी ऊन कलताना आला. त्याने कुलूप उघडलं, चार वेळा माफी मागितली.

सोमवारी सकाळी प्रियदर्शनीने मला लालासाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि उघडलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सर, अहवाल दुरुस्त करायला हवा."

"अहवालावर सही कोणाची आहे?" त्यांनी हळूच विचारलं. "तुमची. माझी तुमच्याखाली. आज तुम्ही वेगळं म्हणालात तर खोटं कोण ठरेल? पुढे तुम्हाला कोण कामावर घेईल?" त्यांनी मला मिटलं. "हे ऑफिसच्या कामाच्या जागेवर सापडलंय. ऑफिसात राहील." आणि त्यांनी मला कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्याच दिवशी प्रियदर्शनीला शिराळ्याकडे रस्त्याकाठची झाडं मोजायला पाठवण्यात आलं, दोन आठवड्यांसाठी.

मित्रांनो, कपाटातले ते दिवस मी विसरणार नाही. अंधार होता, पण त्याचं काही नाही. भीती होती ती ओलीची. खरपुडीचा कंद रसाळ. पहिल्याच दिवशी माझे टीपकागद भिजून जड झाले. दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. कागद बदलले नाहीत तर बुरशी येते, पाकळ्या काळ्या पडतात, आणि मग त्या रोपाला कुणी ओळखू शकत नाही. तिचा जीव तर मी घेतलाच होता. आता तिची ओळखही माझ्याच मिठीत कुजणार होती. माझे पट्टे घट्ट होते. मला ते स्वतःहून सोडता येत नव्हते. मला ओरडता येत नव्हतं. बाहेर टाइपरायटर चालत होता, फोन वाजत होता, माणसं हसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं कुलूप खडखडलं. कचेरी झाडणारी रंगूबाई कपबश्या काढायला आली होती. कपबश्या त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर असत, म्हणून सकाळी किल्ली तिच्याकडे. तिने नाक वाकडं केलं, वाकून पाहिलं आणि मला बाहेर ओढलं.

"आगं बया," ती म्हणाली. "बाई तर रोज कागद बदलायच्या हिचं."

तिने माझे पट्टे सोडले. मला किती हलकं वाटलं ते कसं सांगू! तिने ओले कागद एकेक करून उचलले, रद्दीतले कोरडे कागद घातले, आणि फुलाची वळलेली पाकळी करंगळीने सारखी केली. प्रियदर्शनी करायची ते तिने झाडू मारता मारता पाहिलेलं होतं. ओले टीपकागद तिने मागच्या खिडकीत वाळत घातले. पट्टे पुन्हा आवळले आणि मला होतं तिथे ठेवलं. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी पुन्हा.

सहाव्या दिवशी ती माझ्यावर वाकलेली असताना दार उघडलं. लालासाहेब त्या दिवशी लवकर आले होते.

"रंगूबाई, काय चाललंय?"

रंगूबाईचे हात थांबले. पण तिने कागद खाली ठेवला नाही.

"कागद बदलतीया, सायेब. कुजाया लागलं व्हतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. वलं कापड बी कुणी दुमडून ठेवत न्हाई, सायेब. ह्ये तर फूल हाय."

लालासाहेब जवळ आले. त्यांनी त्या वाळत चाललेल्या जांभळ्या कंदिलाकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता हे मला उचलून खिडकीबाहेर टाकणार. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "चहा ठेवा." एवढंच. ते आपल्या खोलीत गेले. किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

प्रियदर्शनी शिराळ्याहून आली ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात एक कागद होता. 'माझी एप्रिलमधली सही चुकीची होती, मी ती मागे घेते,' असं तिने त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. बसमध्ये लिहिलेलं असावं, अक्षर हललेलं होतं.

लालासाहेबांनी तो वाचला. कपाट उघडून त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "गुरुवारी पिंपळखडीत ग्रामसभा आहे," ते म्हणाले. "मला जावंच लागणार आहे. तुम्ही या. बोलायचं ते तुम्ही बोला. मी अडवणार नाही."

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. दीडशे माणसं, बायका एका बाजूला. प्रियदर्शनी उभी राहिली. तिने सांगितलं की टेकाडावर एक झाड आहे, जे दुसरीकडे कुठे आढळत नाही. ते आपण एप्रिलमध्ये नाही म्हणून लिहून दिलं, ती आपली चूक होती.

हंबीरराव उठले. "म्हंजे आता गावाची वीज अडवनार का तुमी? आमच्या पोरांनी चिमणीवरच अब्यास कराचा?"

"न्हाई दादा. वीज व्हायलाच पायजे. फक्त टेकाड तेवढं सोडा. पाट्या खालच्या अंगाला सरकवा. तिथं नुसता खडक हाय, मी बघितलाय."

तिने मला उघडलं. वाळलेली खरपुडी हातोहात फिरली. लोक हसायला लागले. "आरं, ही तर खरपुडी! लहानपणी खाल्लीया की आमी!"

"मग?" हंबीरराव म्हणाले. "गावानं खाल्लेली चीज दुर्मीळ कशी, मॅडम?"

बायकांच्या बाजूने मनुबाई उठली. "हंबीर, तवा समद्या माळावर व्हती. आता सांग, तू शेवटची कवा खाल्लीस?" हंबीररावांनी मानेवरून हात फिरवला. "तुझी लेक बसलीया हितं. राजेश्वरी, तू बघितलीस का गं कवा?"

राजेश्वरीने मान हलवली. नाही. तिने ते रोप हातात घेतलं आणि खाली ठेवलंच नाही.

हंबीररावांनी लालासाहेबांकडे तोंड फिरवलं. "सायेब, हुईल का सरकवाया?"

लालासाहेब उठले. एका शब्दाने ते सगळं संपवू शकत होते. प्रियदर्शनीची बोटं माझ्या पट्ट्यात रुतली होती.

"होईल," ते म्हणाले. "नकाशा बदलावा लागेल. मुदतवाढ मागावी लागेल. तीन-चार महिने उशीर होईल. आणि अहवाल चुकला, यात माझीही सही आहे."

बराच गलका झाला. काही लोक रागाने उठून गेले. शेवटी हात वर झाले ते टेकाड सोडण्याच्या बाजूने थोडेसेच जास्त होते. हंबीररावांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. जानेवारीत खडी फोडणारं मशीन वळताना टेकाडाच्या कडेवरून गेलं आणि एकोणीस रोपांचे कंद चिरडले. पुढच्या श्रावणात प्रियदर्शनीने मोजली तेव्हा त्रेचाळीस होती. मनुबाईची शेरडांची वाट मात्र कुंपणातून मोकळी करून मिळाली, श्रावण-भादवा सोडून. पिंपळखडीत उन्हाची वीज आली. गिरणी दिवसभर चालू लागली.

प्रियदर्शनीचा सहा महिन्यांचा कागद पुन्हा निघाला नाही. ती कोरेगावला परत आली. तिने सगळं सांगितल्यावर आबा म्हणाले, "खुर्ची गेली तर गेली. मी दुसरी करून दीन." ती वर्षभर घरी होती. गल्लीतले लोक विचारत, तेव्हा ती घरात निघून जाई. मग पाटणच्या एका शाळेत तिला विज्ञान शिकवायचं काम मिळालं. मी तिच्याबरोबर इथे आले.

ती खरपुडी आता पुण्याच्या एका मोठ्या संग्रहात आहे. खालच्या चिठ्ठीवर प्रियदर्शनीने गोळा करणाऱ्यांची नावं लिहिली आहेत. पहिलं मनुबाईचं, दुसरं स्वतःचं. चिठ्ठीवर कागद बदलणाऱ्यांसाठी जागा नसते. म्हणून तिसरं नाव मी तुम्हाला सांगून ठेवते आहे. रंगूबाई.

मित्रांनो, तुम्हीही कधी मला पाठीवर घेऊन रानात जाल. जा, मला आवडेल. पण कुठलीही जमीन ओसाड आहे असं लिहून देण्याआधी तिचे सगळे ऋतू पाहा, आणि तिथे रोज चालणाऱ्या माणसाला विचारा. एखादं रोप सापडलं तर आधी मोजा. शंभर असतील तर एक घ्या, आणि रोज त्याचे कागद बदला, कारण त्याने तुमच्यासाठी जीव दिलेला असतो. दहाच असतील तर फूल तेवढं घ्या, मूळ मातीत राहू द्या. आणि एकच असलं, तर त्याच्याशेजारी बसा, वहीत त्याचं चित्र काढा, आणि उठून या.

त्या दिवशी माझे पट्टे आवळू नका. मला रिकामीच घरी आणा.